एक भिंग कीं दोन?

जवळची बारीक वस्तु मोठी करून पाहावयाची, किंवा तिचें छायाचित्र घ्यावयाचें, असें ज्यानें मनांत आणलें त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो भिंगाच्या निवडीचा. या प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत सामावलेलें आहे अशी पुष्कळांची समजूत असते. जें भिंग वस्तूला अधिक पट मोठी करून दाखवील तें अधिक चांगलें, असा तो सरळ हिशेब. ही समजूत किती अपुरी आहे हें दाखविण्यास सतराव्या शतकांतील एका प्रकरणाइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. त्यांत माणसें दोन. एक लंडनचा विद्वान, दुसरा हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी. प्रश्न दोघांपुढें एकच होता. उत्तरें मात्र दोघांचीं निराळीं. आणि त्या उत्तरांवर जीवसृष्टीचा एक संपूर्ण प्रांत मनुष्याच्या दृष्टीस केव्हां व कोणाच्या हातून पडावा हें अवलंबून राहिलें.

लंडनचा विद्वान म्हणजे रॉबर्ट हूक. रॉयल सोसायटीच्या सभांत प्रयोग करून दाखविण्याचें काम त्याच्याकडे १६६२ पासून होतें. १६६५ सालीं त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पिसू व ऊ यांसारखे क्षुद्र प्राणी हातभर आकाराच्या चित्रांत पाहून वाचक थक्क झाले. बुचाच्या पातळ कापांत त्याला जे लहान लहान कप्पे दिसले, त्यांना त्यानें दिलेलें ‘सेल’ हें नांव जीवशास्त्रांत आजहि चालू आहे. हीं चित्रें काढण्यास त्यानें जें यंत्र वापरलें तें संयुक्त होतें; म्हणजे एका नळीच्या वस्तूकडील टोकास एक बारीक भिंग, डोळ्याकडील टोकास दुसरें मोठें भिंग. वस्तूवर उजेड पाडण्यासाठीं तो दिव्यापुढें पाण्यानें भरलेला काचेचा गोळा ठेवी. अशा यंत्रापुढें मनुष्य आरामांत बसूं शकतो, आंत पाहतां पाहतां शेजारच्या कागदावर चित्र काढूं शकतो, आणि आपण पाहिलेलें दुसऱ्यास दाखवूं शकतो.

परंतु दोन भिंगें घेतलीं म्हणजे दृष्टि दुप्पट झाली असें होत नाहीं. साध्या भिंगांत दोन दोष स्वभावतःच असतात. निरनिराळ्या रंगांचे किरण त्यांतून निरनिराळ्या मानानें वळतात, म्हणून वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी झालर दिसते. आणि कडेवरून येणारे किरण व मध्यांतून येणारे किरण एका ठिकाणीं मिळत नाहींत, म्हणून प्रतिमा पुसट होते. आतां पहिल्या भिंगानें केलेली सदोष प्रतिमा दुसऱ्या भिंगानें पाहावयाची म्हणजे वस्तूबरोबर दोषहि मोठा करावयाचा. यावर उपाय म्हणून भिंगापुढील छिद्र अगदीं लहान करावें, तर उजेड कमी होतो. एवंच, एका संकटांतून निघावें तों दुसरें दत्त म्हणून पुढें उभें.

हूकला हें ठाऊक नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें दुसरी एक रीत स्वच्छपणें सांगून ठेवलेली आहे. काचेची बारीक तार ओढावी, तिचें टोंक ज्योतींत धरावें, म्हणजे तें वितळून वाटोळा मणी होतो. त्या मण्याची एक बाजू घासून व उजळून, धातूच्या पातळ पत्र्यास पाडलेल्या सुईएवढ्या छिद्रावर तो मेणानें बसवावा. या एकाच मण्यांतून वस्तु मोठ्या यंत्रापेक्षां अधिक स्पष्ट दिसते, हेंहि त्यानें कबूल केलें आहे. मग त्यानें तें वापरलें कां नाहीं? तर भिंग इतकें लहान, आणि वस्तु त्याच्या इतकी निकट आणावी लागते, कीं वापरतांना फार त्रास होतो. पुढें १६७८ च्या आपल्या एका पुस्तकांत त्यानें हीच रीत पुन्हां सांगितली, आणि अशा भिंगांनीं आपल्या डोळ्यांस पीडा होते हेंहि नमूद केलें. ज्याला शेंकडों वस्तु पाहून त्यांचीं चित्रें काढावयाचीं होतीं, त्यानें सोयीचें यंत्र निवडलें हें अविचाराचें म्हणतां येणार नाहीं. पण निवड म्हटली कीं कांहीं मिळतें तसें कांहीं सुटतेंहि. हूकच्या हातून काय सुटलें तें दिसावयास फार वर्षें लागलीं नाहींत.

डेल्फ्टचा अंतोनी व्हान लेव्हेनहूक हा १६३२ सालीं जन्मला. तो विद्यापीठांत शिकला नव्हता. त्या काळच्या विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. त्याचा व्यवसाय कापडाचा, आणि कापडाचे धागे भिंगानें तपासण्याची रीत त्या धंद्यांत होती. त्यानें निवड केली ती एका भिंगाची. त्याचें यंत्र म्हणजे पितळेचे किंवा रुप्याचे दोन लहान पत्रे, त्यांच्यामध्यें बसविलेला वाटाण्याहूनहि पुष्कळ लहान काचमणी, आणि वस्तु टोंचून ठेवण्यासाठीं स्क्रूनें पुढेंमागें सरकणारी एक सुई. सारें यंत्र तळहातांत मावे. तें डोळ्याशीं भिडवून उजेडाकडे धरावयाचें. अशीं पांचशेंवर भिंगें त्यानें तयार केलीं. युट्रेख्ट येथें राहिलेल्या त्याच्या एका यंत्रांतून वस्तु सुमारें २७० पट मोठी दिसते. म्हणजे वस्तु भिंगापासून जेमतेम एक मिलिमीटरवर आणावी लागते. आपल्याकडील घड्याळजी डोळ्याला लावतो तें भिंगहि एकेरीच. पण त्याच्या कामाला चारपांच पटी पुरतात, आणि चिमटा चालविण्यास जागा उरते. लेव्हेनहूकनें ती जागाच सोडून दिली होती. हूकला जो त्रास नकोसा झाला, तोच त्रास यानें पन्नास वर्षें रोज पत्करला.

त्याचें फळहि तसेंच मिळालें. १६७४ सालीं त्यानें गांवाजवळच्या एका सरोवराचें पाणी तपासलें, आणि त्यांत हिंडणारे सूक्ष्म प्राणी पाहिले. पुढें मिरीं तिखट कां लागतात याचें कारण शोधावें म्हणून त्यानें तीं कांहीं आठवडे पाण्यांत भिजत ठेवलीं. तिखटपणाचें कारण सांपडलें नाहीं, परंतु आपण आज ज्यांना बॅक्टेरिया म्हणतों ते जीव त्या पाण्यांत त्याला दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या डच भाषेंतील लांबलचक पत्रानें त्यानें हें रॉयल सोसायटीस कळविलें. लंडनच्या मंडळींचा विश्वास बसेना. लेव्हेनहूकनें धर्मोपदेशक व इतर प्रतिष्ठित गृहस्थ यांच्या साक्षी लिहून पाठविल्या. अखेर पडताळा पाहण्याचें काम आलें हूककडेच. आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजीं सोसायटीच्या सभेंत त्यानें ते जीव सभासदांस दाखविले. कापडाच्या व्यापाऱ्याचें म्हणणें खरें ठरलें तें अशा रीतीनें एका प्रतिस्पर्ध्याच्या प्रामाणिकपणामुळें, हें विसरतां कामा नये. १६८० सालीं सोसायटीनें लेव्हेनहूकला आपला सभासद करून घेतलें.

येथवर पाहिलें तर धैर्य व चिकाटी यांचा जय झाला असें म्हणून कथा संपवितां आली असती. परंतु तिला दुसरी बाजू आहे. आपलीं उत्तम भिंगें कशीं करतों हें लेव्हेनहूकनें कोणास सांगितलें नाहीं. भेटीस येणाऱ्यांस तो साधीं यंत्रें दाखवी, आणि सर्वांत चांगलीं स्वतःपुरतीं ठेवी. १७२३ सालीं नव्वदाव्या वर्षीं तो वारला, तेव्हां त्याचें कौशल्य त्याच्याबरोबर गेलें. रॉयल सोसायटीस त्यानें मरणोत्तर दिलेलीं रुप्याचीं २६ यंत्रें पुढें गहाळ झालीं. भिंगें पत्र्यांच्या आंत बंद असल्यामुळें, उरलेलीं यंत्रें न मोडतां रहस्य उकलण्याचा मार्ग नव्हता. तो मार्ग अगदीं अलीकडे मिळाला, आणि तोहि त्याच्याच गांवीं. डेल्फ्टच्या अणुभट्टींतील न्यूट्रॉन किरणांनीं पत्र्यांच्या आंतील काच पाहतां आली, आणि २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मध्यम शक्तीचें एक भिंग घासून केलेलें निघालें. पण युट्रेख्टचें सर्वांत प्रबळ भिंग म्हणजे तार वितळवून केलेला, जवळजवळ वाटोळा मणी होता. तारेचा तुटका देंठ सुद्धां त्याला चिकटलेला आढळला. म्हणजे साडेतीनशें वर्षें जें गुपित म्हणून गाजलें, ती बहुधा हूकनें छापून सर्वांस सांगितलेलीच रीत!

या दोघांचा न्याय कसा करावा? हूकनें रीत सांगितली, पण स्वतः ती बाजूस ठेवली. लेव्हेनहूकनें ती राबविली, पण तिच्याविषयीं मौन पाळलें. प्रस्तुत लेखकास वाटतें कीं ज्ञानाच्या वाढीला या दोघांचे अर्धेअर्धे गुण एकत्र हवे होते. नुसती उघड केलेली रीत कोणी कष्टानें वापरली नाहीं तर पुस्तकांत पडून राहते. आणि कष्टानें मिळविलेलें कौशल्य दडवून ठेवलें तर तें एका आयुष्याबरोबर संपतें. लेव्हेनहूकनें पाहिलेलें पुन्हां पाहणें पुढील पिढ्यांस जें इतकें जड गेलें, त्याचें एक कारण हें मौन होय.

एकेरी भिंगाची सरशी मात्र दीर्घकाळ टिकली. १८२७ सालीं रॉबर्ट ब्राऊन यानें पाण्यांत तरंगणाऱ्या कणांची अखंड हालचाल पाहिली ती एकेरी भिंगानेंच. १८३१ सालीं डार्विन ‘बीगल’ जहाजावर चढला तेव्हां त्याच्या सामानांतहि तसलेंच यंत्र होतें. पुढें जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्याच्या व्यापाऱ्यानें, निरनिराळ्या काचांचीं भिंगें कशीं जोडावीं म्हणजे एकाचा दोष दुसरें खाऊन टाकतें, याचा नियम १८३० सालीं प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून संयुक्त यंत्राचे दिवस फिरले. हूकची निवड चुकीची नव्हती; ती दीडशें वर्षें अगोदर केलेली होती, इतकेंच.

आज कॅमेऱ्यासाठीं ‘मॅक्रो’ भिंग घेऊं पाहणाऱ्यापुढें हाच जुना प्रश्न नव्या वेषांत येतो. वस्तूची प्रतिमा तिच्याच आकाराची हवी असेल, तर साध्या भिंगाच्या हिशेबानें वस्तु व प्रतिमा यांतील अंतर केंद्रांतराच्या चौपट पडतें. म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगास २० सेंटिमीटर, १०० मिलिमीटरच्यास ४०. प्रतिमा दोहोंची सारखीच. पण पहिलें भिंग फुलपाखरास उडवून लावील, दुसरें त्याला बसूं देईल. नाणें किंवा पोथीचें पान टिपणाऱ्यास ही अडचण नाहीं. त्याला लहान, हलकें व स्वस्त भिंग पुरे. शिवाय या मापाच्या प्रतिमेस उजेड दूरच्या चित्राच्या चौथाईच मिळतो, आणि स्पष्ट दिसणारा थर अगदीं पातळ होतो. तेव्हां दिव्याची व तिवईची तजवीज भिंगाइतकीच महत्त्वाची ठरते.

म्हणून किती पट मोठें दिसेल हा प्रश्न शेवटीं विचारावा. आपणांस काय पाहावयाचें आहे, तें किती जवळ येऊं देईल, त्यावर उजेड किती पडेल, आणि त्यासाठीं आपण किती त्रास सोसणार, हे प्रश्न आधीं विचारावेत. हूक आणि लेव्हेनहूक या दोघांनींहि ते स्वतःस विचारले होते. उत्तरें निराळीं आलीं, कारण माणसें निराळीं होतीं. आणि जगाला त्या दोन्ही उत्तरांचा उपयोग झाला.