वैद्यकशाळेचें दार आणि मराठवाडा

मुलगा हुशार आहे, शास्त्रविषयांत त्याला गति आहे, तेव्हां तो डॉक्टर होईल काय, असा प्रश्न घरोघर विचारला जातो. उत्तर देणारे बहुधा मुलाच्या बुद्धीकडे पाहूनच उत्तर देतात. परंतु वैद्यकशाळेंतील प्रवेश केवळ बुद्धीवर कधींच अवलंबून नव्हता. दार कोठें आहे, तें कोणत्या भाषेंत उघडतें आणि आंत जागा किती आहेत, या तीन गोष्टी पाहिल्यावांचून त्या प्रश्नाचें खरें उत्तर देतां येत नाहीं. परभणी जिल्ह्यांतील पेडगांवासारख्या गांवांतून हा इतिहास पाहिला, म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानांत येते.

मुंबईस १८२६ सालीं देशी विद्यार्थ्यांसाठीं एक वैद्यकशाळा निघाली होती. तिच्यांत देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. पण १८३२ सालीं ती बंद पडली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें, तें इंग्रजींतून. १८५१ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड हे त्यांतलेच. या पहिल्या पिढीची योग्यता मोठी होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्याला आधीं इंग्रजी शाळा लाभली, त्यालाच त्या दारापर्यंत जातां येई, हेंही तितकेंच खरें आहे.

पेडगांवची गोष्ट याहून निराळी होती. तो मुलूख निजामाच्या राज्यांत. तेव्हां तेथील मुलाला जवळचें दार हैदराबादचें. तेथें १८४६ सालीं वैद्यकशाळा निघाली आणि आरंभीं तींतील शिक्षण उर्दूंतून होई. पुढें १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेंही उच्च शिक्षणाचें माध्यम म्हणून उर्दूचाच स्वीकार केला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यांतली आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणीचा मुलूख राजधानीला जोडला गेला. अंतर कमी झालें. भाषेचा उंबरठा मात्र होता तेवढाच उंच राहिला. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला शरीरशास्त्राच्या आधीं परभाषा जिंकावी लागे. त्या काळीं एखादा हुशार मुलगा मागें राहिला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष म्हणतां येणार नाहीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि त्याच वर्षीं औरंगाबाद येथें, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. प्रथमच दार आपल्या मुलखांत आलें. पुढें अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथेंही महाविद्यालयें झालीं. तरीही विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या मानानें येथील जागा थोड्याच राहिल्या.

याच ठिकाणीं एक मोठी अडचण उभी राहिली. राज्यांत ७०:३० असें सूत्र होतें. ज्या विभागांत महाविद्यालय, त्या विभागांतील विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा आणि बाहेरच्यांना ३० टक्के. वरवर पाहतां ही योजना स्थानिकांच्या हिताची दिसे. परंतु जेथें महाविद्यालयेंच कमी, तेथें कमी जागांचे ७० टक्के ते किती होणार? लातूरसारख्या ठिकाणीं कसून अभ्यास करणारे विद्यार्थी पुष्कळ तयार झाले आणि मराठवाड्यांत चुरस इतकी वाढली, कीं दुसऱ्या विभागांत ज्या गुणांवर प्रवेश मिळे, त्या गुणांवर येथें नकार मिळूं लागला. रक्षणासाठीं बांधलेली भिंतच कोंडवाडा झाली. सप्टेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें हें सूत्र रद्द केलें.

आज प्रवेशाचा आधार म्हणजे 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा. ती २०१३ सालीं प्रथम झाली, न्यायालयाच्या निर्णयानें मध्यंतरीं थांबली आणि २०१७ पासून महाराष्ट्रांतील जागाही तिच्याच गुणांवर भरल्या जाऊं लागल्या. एकूण गुण ७२०. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते. १८३२ सालीं मिटलेलें दार तेवढ्यापुरतें किलकिलें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. आपली शक्यता अजमावावी कशी? पहिली गोष्ट अशी, कीं पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. २०२४ सालीं तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले. त्यांपैकीं तेरा लाखांहून अधिक पात्र ठरले. आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. म्हणजे बारा पात्र विद्यार्थ्यांमागें जेमतेम एक जागा, आणि तींतही सरकारी शुल्काच्या जागा निम्म्याच्या सुमारास. 'मुलगा पास झाला' एवढ्यावर शेत गहाण टाकणाऱ्या बापानें हा हिशेब आधीं पाहावा.

दुसरी गोष्ट, गुणांपेक्षां क्रमांक पाहावा. २०२४ सालीं पूर्ण ७२० गुण मिळविणारे प्रथम ६७ होते. सुधारलेल्या निकालांत ते १७ राहिले. २०२५ सालीं सर्वांत वरच्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. तेव्हां गेल्या वर्षीचे गुण यंदाच्या प्रवेशाचें माप होऊं शकत नाहींत. आपल्या राज्यांत, आपल्या प्रवर्गांत, मागील चार-पांच वर्षें शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला, हेंच त्यांतल्या त्यांत विश्वासाचें माप.

तिसरी गोष्ट खास परभणीकरांसाठीं. २०२३ सालीं परभणीस १०० जागांचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. पेडगांवच्या कोणत्याही घराला त्याचा आनंद वाटावा, हें स्वाभाविक आहे. पण सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वांट्याला जातात, आणि उरलेल्या ८५ वर साऱ्या महाराष्ट्राचा सारखाच हक्क आहे. गांवाजवळ महाविद्यालय आलें, म्हणून गांवच्या मुलाचा क्रमांक वर चढत नाहीं. जो प्रवेश मिळवील, त्याचा वसतिगृहाचा खर्च कदाचित् वांचेल. आणि आजाऱ्याला मोठें रुग्णालय जवळ मिळेल, हा लाभ तर सर्वांचाच.

पूर्वीं दार दूर होतें, मग तें परक्या भाषेंत होतें, मग त्याच्यापुढें विभागाची भिंत होती. आज तें जवळ आहे आणि सर्वांना खुलें आहे. म्हणूनच त्याच्यापुढील रांग फार लांब आहे. रांगेंत आपण कोठें उभे आहों, हें शांतपणें मोजणें म्हणजे निराश होणें नव्हे. तसें मोजल्यावर मुलानें आणखी एक वर्ष द्यावें कीं दुसरी वाट धरावी, हें ठरवितां येतें. आणि ज्याला जागा मिळाली नाहीं, त्याला घरच्यांनीं नालायक ठरवूं नये, एवढें शहाणपण तरी या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासानें आपल्याला दिलें पाहिजे.