एका चाचणीचे चार अहवाल

पोटातल्या महाधमनीचा फुगवटा पोट न उघडता, जांघेच्या धमनीतून ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, सरकवून बंद करण्याची शस्त्रक्रिया हुआन पारोदी यांनी ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्स येथे केली. पुढच्याच वर्षी त्यांचा लेख छापून आला. त्यात पाच रुग्णांची हकीकत आहे. ही रीत साधते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. टिकते का, याचा पुरावा मिळायला काळ जावा लागणार होता.

पहिला इशारा २००० साली ‘युरोस्टार’ या युरोपीय नोंदवहीने दिला. त्यातल्या २,४६४ रुग्णांपैकी १४ जणांचा फुगवटा ग्राफ्ट बसवल्यानंतरही फुटला होता. म्हणजे धोका वर्षाला सुमारे एक टक्का. पण नोंदवहीत पोट उघडून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नव्हते, त्यामुळे तुलना होत नव्हती.

ती तुलना ब्रिटनमधल्या ‘ईव्हार-१’ चाचणीने केली. १९९९ ते २००४ या काळात साठी गाठलेल्या आणि साडेपाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा असलेल्या १,२५२ रुग्णांची सोडतीने दोन गटांत विभागणी झाली. रॉजर ग्रीनहल्घ यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचे चार अहवाल ओळीने वाचावे लागतात.

२००४ चा अहवाल फक्त तीस दिवसांचा आहे. त्यात ग्राफ्टच्या गटातले मृत्यू १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटातले ४.७ टक्के. २००५ मध्ये चार वर्षांचा हिशेब आला. फुगवट्यामुळे होणारे मृत्यू ग्राफ्टच्या गटात अजूनही कमी होते, पण एकूण मृत्यूंत फरक उरला नव्हता. शिवाय किमान एक गुंतागुंत झालेले रुग्ण ग्राफ्टच्या गटात ४१ टक्के आणि दुसऱ्या गटात ९ टक्के निघाले. हा आकडा जपून वापरायला हवा, कारण पोटाच्या छेदातून पुढे होणारा हर्निया या मोजणीत धरलेला नव्हता. २०१० च्या अहवालात फुगवट्याच्या मृत्यूंतली आघाडीही संपली. २०१६ मध्ये पारडे फिरले: आठ वर्षांनंतर ग्राफ्टच्या गटात फुगवट्याशी संबंधित मृत्यूचा धोका ५.८ पट होता. फुगवट्याची जुनी पिशवी फुटून या टप्प्यात त्या गटात १३ जण दगावले, दुसऱ्यात दोन.

कारण रचनेतच आहे. उघड्या शस्त्रक्रियेत कृत्रिम नळी धमनीला टाके घालून शिवतात. ग्राफ्ट मात्र मूत्रपिंडांच्या धमन्यांखालच्या निरोगी भागात ताणाच्या आणि हुकांच्या जोरावर टिकते. बाहेरची पिशवी तशीच राहते. वर्षे जातात तसा तो भाग रुंदावतो, ग्राफ्ट खाली सरकते, रक्त कडेने पिशवीत शिरते. कधी ग्राफ्टचे सांधे सुटतात किंवा कापड विरते. कधी कमरेच्या धमन्यांतून रक्त उलटे येते. यातला शेवटचा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. पण पिशवी वाढू लागली तर त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अशा गळतीला डॉक्टर ‘एंडोलीक’ म्हणतात. बऱ्याचदा रुग्णाला काहीच जाणवत नाही. ती स्कॅनमध्येच दिसते. म्हणून २०१६ च्या अहवालाने आयुष्यभर तपासणीचा आग्रह धरला.

या पुराव्याचा धोरणावर परिणाम झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१८ च्या मसुद्यात न फुटलेल्या फुगवट्यासाठी ही रीत जवळपास नाकारली. मार्च २०२० च्या अंतिम मार्गदर्शनात उघडी शस्त्रक्रिया पहिली ठेवून, ती धोक्याची ठरेल अशांसाठी ग्राफ्टचा पर्याय राखला. चाचणीतले ग्राफ्ट जुन्या पिढीचे होते, हा आक्षेप रास्त आहे. पण नव्या ग्राफ्टच्या बाजूने तीस दिवसांचे आकडे मांडून त्याचे निरसन होत नाही. त्यांनाही पंधरा वर्षांचा हिशेब द्यावा लागेल. तोवर ऐंशी वर्षांच्या थकलेल्या रुग्णासाठी २००४ चा अहवाल महत्त्वाचा आणि बासष्टीतल्या धडधाकट माणसासाठी २०१६ चा.