दोन कलमं

१८७५. आश्विन सरत आलाय. रत्नागिरीजवळच्या एका खोती गावात तुम्ही बांधावर उभे आहात. भात पिवळं झालंय, पण कापायचं नाही, आधी अभावणी. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा माणूस उभ्या पिकावर नजर फिरवतो आणि मणांचा आकडा सांगतो. त्यातला निम्मा खोताचा. वरकस म्हणजे हलक्या जमिनीतल्या नाचणीचा तिसरा हिस्साही त्याचाच. पाच वर्षांनी खोतीचा कायदा येईल, खोत मात्र राहील.

बांधाशी आंब्याचा बाठा रुजलाय. तुम्ही थबकता. झाड मोठं होईपर्यंत जमीन तुमच्याकडे राहील? तुम्ही पुन्हा नाचणीच पेरता.

जानेवारी १९३८. मुंबईत विधिमंडळावर निघालेल्या हजारो शेतकऱ्यांच्या मोर्चात तुम्ही चालताय. मूळचे मंडणगडजवळच्या आंबडव्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गेल्या सप्टेंबरात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलंय. ते मंजूर होणार नाही. पण खोतापुढे खाली जाणारी तुमची मान आज ताठ आहे.

१ एप्रिल १९५७. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आजपासून कूळकायद्यानं कसणारा मालक. कागद हाती यायला मात्र त्यातल्या ‘बत्तीस ग’ कलमाची सुनावणी आहे. खंडाची पावती विचारतात. ती तुम्हाला कधी कुणी दिलीच नव्हती! पीकपाहणीतली नोंद तुम्हाला तारते. ज्याची नोंद नाही तो शेजारी, तुमच्याइतकाच घाम गाळून, रिकाम्या हातानं घरी जातो. कायदा दोघांसाठी होता. पोचला एकाच्याच दारी.

१९९०. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आलीय, अल्पभूधारकाला शंभर टक्के अनुदान. सातबारा दाखवता आणि नाव लागतं. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडता, बायको डोक्यावरून माती आणून ओतते, हापूसची कलमं उभी राहतात. फळाला अजून कैक वर्षं आहेत, पण आता तुम्ही थांबू शकता. कायद्याच्या कलमानं जमीन तुमची केली, म्हणून आंब्याचं कलम लागलं. विकास म्हणतात तो मला इथे दिसतो: उद्याचा भरवसा वाटून माणूस झाड लावतो तिथे.

आज. बाग मोहरलीय. सातबारा उघडा आणि माती वाहणारीचं नाव शोधा. १९९२ पासून नवऱ्याला ते सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. नसेल, तर तलाठ्याकडे अर्ज घेऊन निघा. तीही त्या शेजाऱ्यासारखी नोंदीबाहेर उभी आहे.