बेसबॉल कार्ड : 'ऑल-स्टार'चा मान कोण देतो?

अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे असलेली कार्डे जमवण्याचा छंद एकोणिसाव्या शतकापासून रुजलेला आहे. प्रारंभी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांतून मिळत. पुढे ती च्युइंगगमसोबत येऊ लागली. 'टॉप्स' कंपनीच्या १९५२च्या संचाने या छंदाला आधुनिक रूप दिले. याच संचातील मिकी मॅन्टलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

या छंदातील एक मानाचे दालन म्हणजे 'ऑल-स्टार' कार्डे. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांच्या निवडक खेळाडूंमधील 'ऑल-स्टार' सामना १९३३मध्ये शिकागो येथे प्रथम खेळला गेला. मात्र, कार्डावरचा 'ऑल-स्टार' या सामन्यातील खेळाडू असेलच असे नाही.

मतदानाचा वाद

१९५७ साली सिनसिनाटीच्या प्रेक्षकांनी भरमसाट मतदान करून आपल्याच संघाचे सात खेळाडू नॅशनल लीगच्या संघात निवडून आणले. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यांपैकी दोघांना वगळून विली मेज व हँक आरोन यांना स्थान दिले. त्यानंतर प्रेक्षकांचा मताधिकार काढून घेण्यात आला. तो १९७०मध्ये परत मिळाला.

निवडीचे निकष

'टॉप्स'ने १९५८मध्ये 'ऑल-स्टार' कार्डे काढली, ती 'स्पोर्ट' मासिकाच्या निवडीवर आधारून. त्यांत वीस खेळाडू होते व एका कार्डावर दोन्ही लीगचे व्यवस्थापक. १९५९मध्ये निवडीचे श्रेय 'स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकाला देण्यात आले. १९६८ ते १९७० या काळातही तेच नाव कार्डांवर दिसते. म्हणजेच हा मान क्रीडापत्रकारितेचा कौल होता. १९७४मध्ये चित्र पालटले. त्या वर्षीच्या कार्डांवर १९७३च्या सामन्यात प्रारंभापासून खेळलेले खेळाडू, प्रत्येक स्थानासाठी दोन्ही लीगचा एकेक, अशा जोड्यांनी झळकले. जाणकारांच्या पसंतीची जागा प्रेक्षकांच्या मतांनी घेतली. १९७५पासून काही वर्षे स्वतंत्र कार्डाऐवजी नेहमीच्याच कार्डावर मानचिन्ह छापले जाई.

मान आणि मोल

मान मोठा म्हणून किंमतही मोठी, असे समीकरण येथे चालत नाही. १९५८च्या संचात मॅन्टल व स्टॅन म्युझियल यांची 'ऑल-स्टार' कार्डे इतरांच्या तिप्पट छापली गेली. त्यामुळे ती तुलनेने सहज मिळतात आणि मॅन्टलचे त्याच वर्षीचे साधे कार्ड अधिक महाग पडते. म्युझियलच्या कार्डाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे : 'टॉप्स'ने काढलेले ते त्याचे पहिलेच कार्ड होय.

म्हणूनच संग्राहकाने 'ऑल-स्टार' या शब्दावर विसंबून न राहता तीन बाबी पाहाव्यात : निवड कोणाची, ती कोणत्या हंगामाची आणि कार्डे किती छापली गेली. पहिल्या दोन बाबींवरून मानाचा अर्थ कळतो, तर तिसरीवरून मोलाचा.