रीमिक्सरला नामांकन कशावर मिळावं? वाद समजून घ्या

दुर्गोत्सवात यवतमाळला डीजे ऐकला असेल, तर गाण्यात मध्येच येणारा ‘डीजे अमुक इन द मिक्स’ हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. ही रीमिक्सरची सही. दुसरीकडे कुठेच नाव येत नाही, म्हणून तो ते गाण्यातच टाकतो. मग अशा कलाकाराला पुरस्कार मिळू शकतो का?

रीमिक्सर नेमकं काय करतो?

मूळ गायकाचा आवाज ठेवून ठेका, वेग आणि वाद्यं बदलतो. आपल्याकडचं ‘हलगी मिक्स’ किंवा ‘संबळ मिक्स’ हेच आहे. कंपनीने काम दिलं असेल तर आवाज, बास, ताल असे सुटे ट्रॅक मिळतात. त्यांना ‘स्टेम्स’ म्हणतात. ते नसतील तर ॲपने एमपी३ मधून आवाज वेगळा काढावा लागतो.

ग्रॅमीत काय झालं?

१९९८ मध्ये ग्रॅमीने ‘रीमिक्सर ऑफ द इयर’ हा विभाग सुरू केला. पहिला मान शिकागोच्या क्लबमधून नावारूपाला आलेल्या फ्रँकी नकल्स यांना मिळाला. तेव्हा माणसाच्या कामाकडे बघून नामांकन होत असे. २००२ पासून ते एका रीमिक्सला मिळू लागलं. त्या वर्षी डायडोच्या ‘थँक यू’च्या रीमिक्ससाठी डीप डिश ही जोडी जिंकली. ट्रॉफी गायिकेला नाही, रीमिक्सरला!

मग बरोबर काय?

वर्षभराचं काम बघितलं तर मोठं नाव पुढे जातं. एकच ट्रॅक बघितला तर मूळ गाणं आणि रीमिक्स शेजारी ठेवून कोणीही ऐकू शकतो. म्हणून मला दुसरी पद्धत पटते. पुसद-वणीच्या नवख्या पोराला संधी असलीच, तर ती तिथेच.

अडचण कुठे येते?

नामांकनासाठी गाणं रीतसर प्रसिद्ध झालेलं लागतं. मूळ रेकॉर्डिंग वापरायचं तर मालकाची परवानगी हवी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी सांगतं की, कव्हर व्हर्जन पाच वर्षांनंतरच करता येतं, तेही मूळ शब्द-चालीत मनमानी बदल न करता. परवानगी नसेल तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते. मग व्हिडिओ ब्लॉक होतो, नाहीतर कमाई मालकाकडे जाते. नाचवलं तुम्ही, पण कागदावर तुम्ही नाहीच!

तुम्ही रीमिक्स करत असाल तर

• आधी गावातल्या गायक-वादकांचं नवं गाणं घ्या, लेखी परवानगीसह.
• डिस्ट्रिब्युटरकडे टाकताना क्रेडिटमध्ये ‘रीमिक्सर’ म्हणून स्वतःचं नाव भरा.
• रीमिक्ससाठी वेगळा आयएसआरसी घ्या. हा १२ अक्षर-अंकांचा कोड रेकॉर्डिंगची ओळख असतो, मालकीचा पुरावा नाही.

गाण्यातली सही गर्दीला ऐकू येते, पण परीक्षकांच्या यादीत क्रेडिटमधलंच नाव जातं.