मृत्युपत्र, न्यास आणि कुटुंबाची तरतूद

कर्त्या पुरुषाच्या पश्चात त्याच्या माणसांचे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर जुन्या धर्मशास्त्राने एकत्र कुटुंबाच्या रचनेतच देऊन ठेवले होते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली; तिच्यानुसार मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होई, आणि एखादा सहदायाद, म्हणजे त्या मिळकतीतील जन्मसिद्ध वाटेकरी, विभक्त न होता मरण पावला तर त्याचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे आपोआप जाई. अशा स्थितीत मृत्युपत्राने द्यावे असे त्याच्यामागे काही उरतच नसे. या व्यवस्थेने घर आणि जमीन पिढ्यानुपिढ्या अभंग ठेवली हे खरे, परंतु तिचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडला, कारण अविभक्त पतीच्या विधवेला हिस्सा मिळत नसे. तिच्या वाट्याला केवळ अन्नवस्त्राचा हक्क येई.

बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ हा ग्रंथ प्रमाण होता आणि त्यानुसार पित्याच्या हयातीत मुलाला मिळकतीत कोणताही हक्क नव्हता. पिता पूर्ण मालक असल्यामुळे हिंदूंच्या मृत्युपत्रांना तेथे लवकर मान्यता मिळाली. 1870 च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने बंगालचा मोठा भाग आणि मुंबई व मद्रास ही शहरे येथे मृत्युपत्र लेखी असावे, त्यावर सही आणि दोन साक्षीदार असावेत, असा नियम घातला. उर्वरित महाराष्ट्रात मात्र हिंदूंचे तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई, आणि लेखी मृत्युपत्राची अट तेथे 1 जानेवारी 1927 पासून लागू झाली.

मृत्युपत्राच्या जोडीने न्यासाची कल्पनाही आली. न्यास, म्हणजे व्यवहारात रुळलेल्या शब्दात ‘ट्रस्ट’, यात मिळकतीची कायदेशीर मालकी विश्वस्ताकडे जाते, पण तिचा उपभोग ज्यांच्यासाठी ती सोपवलेली असते त्या हिताधिकाऱ्यांना मिळतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देण्यास सामान्यतः मुभा नसल्यामुळे लोक ती विश्वासातल्या माणसांच्या नावे करीत, आणि त्या विश्वासाचा भंग झाल्यास चॅन्सरी न्यायालय दाद देई. न्यासाचा कायदा याच प्रथेतून वाढला.

या कल्पनेची भारतातील सर्वांत मोठी कसोटी कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यात लागली. नामांकित वकील आणि जमीनदार प्रसन्नकुमार ठाकूर यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन याने 1851 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. धर्मांतरामुळे वारसाहक्क जात नाही, असे 1850 च्या कायद्याने ठरवून दिलेले असल्यामुळे मुलाला वगळण्यासाठी पित्याने मृत्युपत्राचा आधार घेतला: मिळकत विश्वस्तांकडे सोपवून तिचा उपभोग प्रथम पुतण्या यतींद्रमोहन याला, नंतर त्याच्या पुरुष वंशजांना आणि तो वंश खुंटल्यास घराण्याच्या इतर शाखांना मिळावा, अशी दूरवरची मालिका त्यांनी आखली. 1868 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1872 च्या निर्णयानुसार मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्युसमयी जी व्यक्ती अस्तित्वातच नाही तिला दान देता येत नाही, हिंदू कायद्याला अपरिचित असा वारसाक्रम कोणाला नव्याने निर्माण करता येत नाही आणि जे सरळ मार्गाने करता येत नाही ते न्यासाच्या आडूनही साधता येत नाही. यतींद्रमोहनचा हयातभराचा उपभोग तेवढा टिकला. त्यानंतरची मिळकत कायदेशीर वारस असलेल्या मुलाकडे जाणार, हे निश्चित झाले. न जन्मलेल्यांना दान देण्यावरील ही बंदी पुढे 1916 च्या कायद्याने काही मर्यादेत शिथिल केली, तरी संपत्ती कायमची बांधून ठेवता येत नाही हे तत्त्व अबाधित राहिले.

खासगी न्यासांचे नियम 1882 च्या भारतीय न्यास कायद्याने एकत्र मांडले. मात्र धार्मिक व धर्मादाय निधी आणि मुसलमानांचे वक्फ त्यातून वगळले. सामान्य पगारदाराच्या घरात न्यास पोहोचला तो मात्र वेगळ्या वाटेने. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तिविषयक कायद्याच्या सहाव्या कलमानुसार पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी वा मुलांच्या हितासाठी असल्याचे पॉलिसीत नमूद केले की त्या पॉलिसीवर आपोआप न्यास निर्माण होई, आणि ती रक्कम पतीच्या मिळकतीत न धरली गेल्यामुळे त्याच्या सावकारांचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नसे. हे संरक्षण हिंदूंना लागू आहे की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. 1923 च्या दुरुस्तीने ते मिटले आणि मुंबई इलाख्यातील हिंदू, मुसलमान, शीख व जैन कुटुंबांना हा आधार निःसंदिग्धपणे मिळाला. ज्या विधवेला एकत्र कुटुंबात केवळ अन्नवस्त्र मागता येत होते, तिच्या नावावर सासरच्या कोणाचीही मर्जी न सांभाळता काही रक्कम उभी राहण्याची सोय यामुळे झाली.

पुढे मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नांतून झालेल्या 1937 च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली आणि सहदायादाला एकत्र मिळकतीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. या सर्व वाटचालीत न्यासाचे खरे सामर्थ्य स्पष्ट होते. पूर्वजाची आज्ञा वंशजांवर कायमची लादण्यासाठी तो वापरला गेला तेव्हा न्यायालयाने त्याला आवर घातला. पण मागे राहिलेल्या पत्नीच्या आणि अज्ञान मुलांच्या निर्वाहासाठी तो उभारला गेला तेव्हा कायदा त्यांच्या पाठीशी राहिला. कुटुंबाच्या भविष्याची तरतूद करताना आजही हाच भेद मार्गदर्शक ठरावा.