पेन्शन पत्ता का विचारते?

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना दिवस मोजायची सवय असते. ग्रीन कार्ड असेल तर अमेरिकेबाहेर किती महिने काढलेले चालतील, भारतात मुक्काम लांबला तर इन्कम टॅक्सच्या हिशोबात काय फरक पडेल, आईच्या ऑपरेशनसाठी रजा वाढवली तर व्हिसाचं काय होईल. हे गणित तुम्हीही कधी ना कधी केलं असेल. आता हेच गणित नव्वदीच्या घरातल्या माणसाला करावं लागतंय असं समजा. आणि ज्या देशाच्या सैन्यात तो लढला, तोच देश त्याला ते करायला लावतोय.

फ्रान्समध्ये २०२३ पर्यंत हे चालू होतं. पॅरिसजवळच्या बोंदीसारख्या उपनगरांत, स्थलांतरित कामगारांसाठी बांधलेल्या वसतिगृहांमध्ये काही म्हातारे माजी सैनिक एकेका छोट्या खोलीत राहत होते. बायको, मुलं, नातवंडं सेनेगलमध्ये आणि आजोबा इथे एकटे. कारण साधं होतं. गरीब वृद्धांना फ्रान्सचं सरकार जो किमान भत्ता देतं, तेव्हा एकट्या माणसाला महिन्याला साधारण ९५० युरो, तो मिळवायचा तर वर्षातले निदान सहा महिने फ्रान्समध्ये काढावे लागत. घरी कायमचं गेलं की भत्ता बंद.

हे सैनिक म्हणजे ‘तिरायर सेनेगाले’. ही पलटण १८५७ मध्ये उभी राहिली. नावात सेनेगल असलं तरी माणसं फ्रान्सच्या पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक वसाहतींमधून आणलेली असत. पहिल्या महायुद्धात ते युरोपात लढले, दुसऱ्या महायुद्धात लढले, पुढे इंडोचायना आणि अल्जीरियातही त्यांना पाठवलं गेलं. बोंदीतले म्हातारे बहुतेक या शेवटच्या दोन युद्धांतले.

पैशांवरून या सैनिकांचं आणि फ्रान्सचं भांडण मात्र त्याहून जुनं आहे. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनांच्या कैदेतून सुटलेले तिरायर जहाजाने सेनेगलला परतले. त्यांना डाकारजवळ तियारोयच्या छावणीत ठेवलं होतं. कैदेतल्या काळाचा थकलेला पगार द्या, एवढीच त्यांची मागणी होती. १ डिसेंबरला फ्रेंच सैन्याने आपल्याच या सैनिकांवर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ३५ मृतांचा, पण तो बऱ्याच इतिहासकारांना मान्य नाही. या घटनेला ‘हत्याकांड’ म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०२४ साल उजाडावं लागलं.

त्यानंतरचा अन्याय बंदुकीने झाला नाही, बजेटच्या एका कलमाने झाला. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा, डिसेंबर १९५९ च्या वित्त कायद्यात फ्रान्सने कलम ७१ घातलं. त्याचा अर्थ असा की स्वतंत्र झालेल्या देशांच्या नागरिकांची पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठवायची. फ्रेंच नागरिकाची पेन्शन महागाईबरोबर वाढत राहील, याची तिथेच थांबेल. सेनेगलच्या सैनिकांना हा नियम १९७५ पासून लागू झाला. पेन्शन बंद केली असती तर निदान बोंब झाली असती. गोठवलेली पेन्शन दरवर्षी थोडी थोडी विरघळते आणि कागदावर सगळं नियमाप्रमाणे दिसतं.

इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. पेन्शन म्हणजे मोबदला की मदत? मोबदला असेल तर सैनिक आज कुठे राहतो आणि त्याचा पासपोर्ट कुठला, याचा काही संबंध नाही. त्याने नोकरी केली, तिचे पैसे द्यायचे. मदत असेल तर मात्र गरज किती, खर्च किती, राहता कुठे, हे सगळं विचारता येतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. सरकारं मोबदल्याला हळूच मदतीचे नियम लावतात.

इब्राहिमा गेय आणि सेनेगलचे इतर निवृत्त सैनिक, मिळून ७४३ जण, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. १९८९ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. पेन्शन मिळते ती सेवेमुळे, राष्ट्रीयत्वामुळे नव्हे, असा त्या मताचा गाभा होता. पण समितीचं मत सरकारवर बंधनकारक नसतं, त्यामुळे हालचाल झाली नाही. मग अमादू दिओप या निवृत्त सार्जंटचं प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात पोचलं. नोव्हेंबर २००१ मध्ये निकाल लागला: पेन्शन ही मालमत्ता आहे आणि केवळ राष्ट्रीयत्वावरून ती कमी देणं हा भेदभाव आहे.

सरकारने २००२ मध्ये कायदा बदलला खरा, पण कसा? राष्ट्रीयत्वाच्या जागी राहण्याचं ठिकाण आलं. ज्या देशात सैनिक राहतो तिथली स्वस्ताई-महागाई बघून आकडा ठरवायचा. ऐकायला हे बरोबर वाटतं ना? सेनेगलमध्ये राहणं स्वस्त, मग पैसे कमी. पण एक विचार करा. निवृत्त फ्रेंच अधिकारी डाकारच्या समुद्रकिनारी घर घेऊन राहिला तर त्याची पेन्शन कमी होत होती का? नाही. स्वस्ताईचा नियम फक्त एकालाच लागत होता. २८ मे २०१० रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने नेमकं यावरच बोट ठेवलं. राहण्याच्या ठिकाणावरून फरक करता येईल, पण एकाच देशात राहणाऱ्या दोन माणसांत राष्ट्रीयत्वावरून करता येणार नाही, असं तिने सांगितलं. मधल्या काळात, २००६ मध्ये, या सैनिकांवरचा ‘अँदिजेन’ हा सिनेमा आला. लढाईशी संबंधित पेन्शनी समान करण्याचा निर्णय शिराक सरकारने त्याच सुमारास घेतला. नोकरीच्या पूर्ण पेन्शनी समान व्हायला मात्र २०१० चा हा निकाल लागला.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसेल. ब्रिटिश सैन्यातल्या गुरखांची जुनी पेन्शन १९४७ च्या करारामुळे भारतीय सैन्याच्या दरांशी बांधलेली होती. माणूस नेपाळात निवृत्त होणार हे त्यात गृहीत धरलेलं. २००९ मध्ये, मोठ्या आंदोलनानंतर, १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांनाही ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. मग नेपाळच्या हिशोबाची पेन्शन घेऊन म्हातारे गुरखे ऑल्डरशॉटसारख्या गावात राहू लागले. म्हणजे तिरायराला पैशासाठी परक्या देशात राहावं लागलं आणि परक्या देशात आलेल्या गुरख्याला पैसे पुरेनात. दोन्हीकडे कुणीतरी आधीच ठरवून टाकलं होतं की या माणसाने म्हातारपण कुठे काढायचं.

आपल्याकडे पेन्शनर दरवर्षी हयातीचा दाखला देतात. मुलांकडे परदेशात राहणारे तो वकिलातीतून किंवा ऑनलाइन देतात. त्याची कटकट होते, आजी-आजोबा वैतागतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पण तो दाखला एवढंच विचारतो की माणूस जिवंत आहे का. बोंदीतल्या माणसाला आपण जिवंत आहोत आणि शिवाय घरापासून लांब आहोत, हे दोन्ही सिद्ध करावं लागत होतं.

अखेर बोंदीच्या नगरसेविका ऐसाता सेक यांनी हा विषय लावून धरला. त्यांचे आजोबा स्वतः तिरायर होते. २०१७ मध्ये २८ जुन्या सैनिकांना फ्रेंच नागरिकत्व मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सहा महिन्यांची अट या सैनिकांपुरती काढली. तेव्हा फ्रान्समध्ये असे साधारण चाळीसच उरले होते. एप्रिलमध्ये त्यांतले नऊ जण विमानाने डाकारला गेले, कायमचे. सवलत मिळाली ती फ्रान्समध्ये राहून भत्ता घेत असलेल्यांना. तो सोडून आधीच घरच्यांत जाऊन राहिलेल्यांच्या, किंवा वाट बघत वसतिगृहातच गेलेल्यांच्या ती उपयोगाची नव्हती.

तुम्ही आज ज्या देशात कर भरता, तिथल्या पेन्शन फंडात दर महिन्याला पैसे टाकता, त्याचे नियम एकदा नीट वाचा. उद्या पुण्याला, मडगावला किंवा बेळगावला परत जावंसं वाटलं तर तुमच्या हक्काचे पैसे तुमच्याबरोबर येतील का? की तेव्हा कुणीतरी त्याला मदत म्हणेल आणि पत्ता विचारेल?